तंबूत खाट आहे का?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या फोनवर एक ठरावीक निरोप येऊ लागतो. "डॉक्टर, शनिवार-रविवार काशीदला टेंटमध्ये राहायला जातोय. दोन्ही मुलं आणि आई-बाबा बरोबर आहेत. कोणती औषधं घेऊ?" मी औषधं सांगतो. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, उलटीची गोळी, मुलांना एरवी जे लागतं ते. त्यात विशेष काही नसतं. मग मी एक प्रश्न विचारतो आणि समोरचा माणूस हमखास गोंधळतो: "झोपायला खाट आहे, की खाली गादी?"

बार्बेक्यूत चिकन आहे की मासे, शेकोटीचे पैसे वेगळे आहेत का, गाणी किती वाजेपर्यंत, गाडी कुठे लावायची, ही सगळी चौकशी झालेली असते. खाटेची झालेली नसते. डॉक्टर म्हणून मला विचाराल, तर कुटुंबासह तंबूत राहायला जाताना पहिली चौकशी तीच असायला हवी.

आधीच सांगतो, मी कॅम्पिंगच्या विरोधात नाही. नागाव, रेवदंडा, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, कुठेही जा. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाने एक रात्र लाटांचा आवाज ऐकत झोपावं, पहाटे रापण ओढणारे कोळी बघावेत, वाळूत दमेपर्यंत धावावं, याला माझ्याकडे पर्यायी औषध नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण काळजी दिवसाची करतो. ऊन लागेल, पोट बिघडेल, मूल लाटेत जाईल, म्हणून दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसतो. रात्री मात्र सगळे दमून जमिनीवर आडवे होतात आणि तंबूची चेन अर्धी उघडी राहते. जे धोके चूपचाप येतात ते नेमके याच वेळचे असतात.

न दुखणारा दंश

काही वर्षांपूर्वी एका सकाळी सातच्या सुमाराला माझ्या एका जुन्या रुग्णाचा फोन आला. कुटुंब समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका कॅम्पमध्ये होतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं, एक उलटी झाली होती. कॅम्पवाल्याचं म्हणणं, रात्री बार्बेक्यू जास्त झालं असेल, लिंबूपाणी द्या. वडील मला विचारत होते, "डॉक्टर, ॲसिडिटीचं औषध लहान मुलांना चालतं का?"

मी विचारलं, रात्री कुठे झोपली होती? तंबूत, खाली, चटईवर गादी टाकून. मग म्हटलं, तिला वर बघायला सांगा आणि पापण्या बघा. ते म्हणाले, "झोप पुरी झाली नाहीये तिची, डोळे उघडतच नाहीयेत नीट." पाणी प्यायला दिलं तर घशात अडकल्यासारखं होत होतं. अंगावर चावल्याची खूण? काही नाही. सूज? नाही. मी त्यांना म्हटलं, अहो, चहा-नाश्ता राहू द्या, गाडी काढा.

दोन तासांनी ती व्हेंटिलेटरवर होती. चार दिवस होती. आज ती कॉलेजात आहे, म्हणून हे लिहिताना माझा हात थरथरत नाही.

तिला मण्यार चावला होता. घोणस चावला तर ठणका लागतो, सूज चढते, माणूस ओरडत उठतो. फुरसं चावलं तरी जागा दुखते, सुजते. मण्यारचं तसं नाही. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि कूस बदलताना अंगाखाली आला की चावतो. दात इतके बारीक की अनेकदा खूण सापडत नाही. झोपमोड झालीच तर डास चावला असं वाटून माणूस पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळता येत नाही, मान सावरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे घाई का करायची तेही कळेल. आपली नस स्नायूला थेट चिकटलेली नसते. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते स्नायूपर्यंत पोहोचतं, मग स्नायू आखडतो. मण्यारच्या विषातला मुख्य घटक नसेच्या या टोकावरच हल्ला करतो. टोक एकदा बिघडलं की सर्पविषावरची लस, म्हणजे ज्याला आम्ही एएसव्ही म्हणतो, ती ते दुरुस्त करू शकत नाही. रक्तात फिरणाऱ्या उरलेल्या विषाला ती पकडते, एवढंच. म्हणून लस लवकर हवी. उशीर झाला तर शरीर ती टोकं पुन्हा घडवेपर्यंत काही दिवस मशीनने श्वास द्यावा लागतो. चांगली गोष्ट ही, की तेवढे दिवस श्वास चालू ठेवला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. आणखी एक: असा रुग्ण बेशुद्ध दिसतो, पण त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्या उशाशी उभं राहून "आता काही खरं नाही" असं बोलू नका.

लहान मुलांना लस कमी लागते असाही एक समज आहे. साप मूल बघून कमी विष सोडत नाही. त्यामुळे लसीची मात्रा मुलांना आणि मोठ्यांना सारखीच असते.

दंश झाला, किंवा झाल्याचा नुसता संशय आला, तरी दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधून स्थिर ठेवतो तसा ठेवा, माणसाला चालवू नका, आणि निघा. सापाला मारून बरोबर आणायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच आहे.

मग करायचं काय?

खाट मागायची. लोखंडी फोल्डिंगची असो, बांबूची असो, जमिनीपासून फूट-दीड फूट वर असली की मण्यारचा प्रश्न बराचसा मिटतो. त्यावर मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. डास अडतात तो वेगळा फायदा.

खाट मावत नाही असा छोटा घुमटाकार तंबू असेल, तर त्याचा तळ भिंतींना शिवलेला हवा आणि चेन शेवटपर्यंत लागायला हवी. मी स्वतः तंबूत शिरलो की आधी चेन ओढून बघतो. हवेसाठी जाळीची खिडकी उघडी ठेवा, दाराची चेन नको. तंबूत खाणं ठेवू नका. वेफर्सचा चुरा पडला की उंदीर येतो आणि उंदरामागे साप. तंबूभोवती फिनेल, गंधक किंवा मीठ टाकून साप अडत नाही. झुडपं कापलेली असणं आणि उष्टं-खरकटं लांब टाकलेलं असणं, याचा उपयोग जास्त.

चपला-बूट बाहेर काढलेत तर सकाळी झटकून घाला. कोकणात लाल विंचू आहे आणि त्याचा डंख लहान मुलाच्या हृदयाला झेपत नाही. घाम फुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली, तर नुसता ठणका कमी करण्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या डंखावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या डॉक्टरांना हे औषध चांगलं ठाऊक आहे. तुम्ही वेळेत पोहोचायचं, एवढंच तुमचं काम.

आता आजी-आजोबांबद्दल, कारण त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मधुमेह असलेले, प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा रात्री दोन-तीनदा उठणार. स्वच्छतागृह शंभर पावलांवर, वाट अंधारी, नातवंडांची झोप मोडू नये म्हणून टॉर्च न लावता आणि अनवाणी जाणार. सापावर पाय पडतो तो अशा वेळी. काही आजी यावर स्वतःच उपाय काढतात: संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत. दिवसभर दमट उन्हात घाम गाळलेला, रक्तदाबाची लघवी होणारी गोळी सकाळी घेतलेली, आणि वर पाणी बंद. दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतात आणि सगळे म्हणतात, प्रवास मानवला नाही. त्यांना स्वच्छतागृहाजवळचा तंबू घ्या, उशाशी टॉर्च ठेवा, आणि पाणी प्यायला लावा. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर ते गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हातल्या तंबूत ठेवू नका. बाहेरून ओलं ठेवलेलं मातीचं मडकं आणि त्यात कोरड्या प्लास्टिक पिशवीत इन्सुलिन, ही जुनी युक्ती आजही चालते.

शेगडी बाहेर, जनरेटर लांब

कोकणात थंडी ती काय, तरीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे समुद्रावरून गार वारा येतो. रात्री बार्बेक्यू झालेलं असतं, शेगडीत निखारे असतात. कोणीतरी म्हणतं, आत घेऊ या, ऊब राहील. हे कधीही करू नका. कोळसा बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने धरतं आणि लवकर सोडत नाही. माणूस गुदमरत जागा होत नाही, डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. शेजारी पाण्याची बादली ठेवली की वायू शोषला जातो हा गैरसमज आहे, तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विश्वास ठेवू नका. हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा ९८ दाखवतो. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर या, कारण नंतर शोधा.

कॅरव्हॅनबद्दल लोकांचा समज असतो की तिथे खाट आहे, साप नाही, म्हणजे प्रश्न मिटला. सापाचा मिटला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. त्यांत मुलंही होती. म्हणून कॅरव्हॅन भाड्याने घेताना रात्री एसी कशावर चालणार ते विचारा. कॅम्पच्या विजेवर असेल तर उत्तम. जनरेटरवर असेल तर तो कुठे बसवलाय आणि धूर कुठे सोडतो ते स्वतः बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला असेल तर तो चालतो का तेही दाबून पाहा. आणि गाडीचं इंजिन चालू ठेवून मुलांना एसीत झोपवणं, हेही त्यातच येतं.

शेकोटीचं अजून एक. निखारे वाळूत पुरून विझत नाहीत. वरून वाळू सारखी दिसते, आत तासन्‌तास धग राहते, आणि सकाळी अनवाणी धावणारं मूल नेमकं तिथे पाय ठेवतं. पाणी ओतून विझवा.

समुद्राबद्दल थोडक्यात

पोहण्याच्या धोक्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, ते अजून कोणी विसरलेलं नाही. मी फक्त रात्रीशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. चांदण्यात तंबू ठोकायचा म्हणून लोक पौर्णिमा निवडतात. पौर्णिमा-अमावास्येला भरतीला उधाण असतं, आणि कोळ्यांचा जुना हिशोब आहे की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेचा हिशोब सव्वाअकरा येतो, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असाल त्या मध्यरात्रीच्या आसपास पाणी सगळ्यात वर. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि कचऱ्याची रेघ दिसते ना, तिच्या बरंच वर, सुरूच्या झाडांकडे तंबू हवा.

आणि बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर त्याचं पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. मूल शुद्धीवर आलं तरी खोकत असेल, धाप लागत असेल, तर काही तास दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवा. बाकी जेलीफिश वगैरे चावलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको.

रात्री दोन वाजता कुठे जाणार?

हा प्रश्न बुकिंग करण्यापूर्वीचा आहे. काशीदहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय साधारण ३० किलोमीटर आहे. दिवसा हा रस्ता सुंदर वाटतो, रात्री वळणावळणाने गाडी हाकताना तो फार लांब वाटतो. खाली गेलात तर आणखी वेगळं. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या खाड्या तुम्ही दिवसा फेरीबोटीत गाडी चढवून मजेत ओलांडता. रात्री उशिरा फेरी नसते. नकाशावर समोर दिसणारं गाव मग लांबच्या वळशाने गाठावं लागतं. म्हणून रुग्णालय खाडीच्या आपल्याच बाजूचं हवं.

फोन करून दोनच गोष्टी विचारा: सर्पदंशाची लस आहे का, आणि रात्री व्हेंटिलेटरची सोय आहे का. पहिली सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही बहुधा मिळते. दुसरी सगळीकडे नसते. तेव्हा पहिला डोस जवळच्या केंद्रात घ्या आणि तिथूनच १०८ च्या रुग्णवाहिकेने पुढे हलवा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. नंबर कागदावर लिहून ठेवा. किनाऱ्यावर रेंज जाते आणि गुगल उघडत नाही.

आता थोडं कॅम्पवाल्यांशी. त्यांच्यातले काही जण माझे चांगले ओळखीचे आहेत आणि त्यांचं उत्तर मला पाठ आहे: "डॉक्टर, खाट टाकली तर मग ते कॅम्पिंग कसलं? आणि इतकी वर्षं चालवतोय, कधी काही झालं नाही." काही झालं नाही असं वाटतं, कारण मण्यार चावलेला माणूस सकाळी पोटदुखी म्हणून कॅम्प सोडतो आणि पुढे काय झालं ते कॅम्पवाल्याला कळतच नाही. खाटेने मजा जाते हेही खरं नाही. तारे खाटेवरूनही दिसतात. खरा मुद्दा जागेचा आणि पैशांचा आहे. चौघांच्या तंबूत चार खाटा टाकल्या की तंबू मोठा लागतो, तितक्याच जागेत गिऱ्हाईक कमी मावतं. मला तो हिशोब समजतो. पण स्पीकर आणि रंगीत दिव्यांवर जो खर्च होतो, त्यात काही खाटा नक्की बसतात.

२०२१ साली राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट झाली. माझं मत असं, की समुद्रकिनाऱ्यावर तंबू किंवा कॅरव्हॅन लावायची परवानगी देताना तीन अटी घालाव्यात: जमिनीवर झोपण्याची व्यवस्था नको, बंद जागेत काहीही जाळायचं नाही, आणि दर्शनी भागात मराठीत एक पाटी, तिच्यावर जवळच्या लस असलेल्या केंद्राचं नाव, अंतर आणि फोन नंबर. याला ना मोठा निधी लागतो, ना नवं खातं. पण सरकार हे करेल तेव्हा करेल, तुम्ही पुढच्या बुकिंगच्या फोनवर खाटेचं विचारा. दहा कुटुंबांनी विचारलं की अकराव्याच्या आधी खाट येते. आणि विचारल्यावर कॅम्पवाला वैतागला, "घरीच राहा मग" म्हणाला, तर दुसरा कॅम्प बघा. किनाऱ्यावर कॅम्प पुष्कळ आहेत.